तीन हजार रुपयांचा निकाल

6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या पुळणीवर सूर्य मावळायच्या सुमारास वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातले डॉक्टर रात्री साडेआठ-पावणेनऊला पोचले. पाय हलू नये म्हणून त्यांनी लाकडी फळ्या बांधल्या. त्या वेळी तिथे दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलाची तब्येत चांगली दिसली, तरी त्यांनी त्याला पुण्याला हलवायचा सल्ला दिला. 8 तारखेला त्यांनी मॅकिन्टायर स्प्लिंट मिळवून आणले, फळ्या सोडून ते बांधले आणि रात्री 1 च्या सुमारास टॅक्सी निघाली. मुलगा आत रेलून ठेवलेला, सोबत त्याची आई आणि तेच डॉक्टर. 200 मैलांची वाट तुडवून गाडी पुण्यात शिरली तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते.

मुलाचे वडील डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले तोवर दौंडहून येऊन थांबले होते. ते स्वतः दौंडला दवाखाना चालवत. आधी ताराचंद रुग्णालयात पाय यंत्राखाली पाहिला. हाडाची तुटलेली टोके एकमेकांवर चढली होती. हाडातून पिन घालून ताण द्यावा लागेल, असे दिसले. तिथून मुलाला डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात नेले. सव्वादोनला भरती झाली. डॉ. जोशींनी प्राथमिक तपासणी करून सहायकाला मॉर्फिया आणि हायोसिनची दोन इंजेक्शने तासाभराच्या अंतराने द्यायला सांगितली. प्रत्यक्षात एकच दिले गेले. खाली क्ष-किरणाचे दोन फोटो निघाले, मग वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहात तासाभराहून थोडा जास्त वेळ काम चालले आणि पाय प्लास्टरमध्ये बसला. साडेपाचला मुलगा खोलीत आला. सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल, असे सांगितल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास उशाशी बसलेल्या आईच्या लक्षात आले की मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय. धावाधाव झाली. रात्री 9 वाजता मुलगा गेला. दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिले होते: फॅट एम्बोलिझम.

भारतात डॉक्टरच्या निष्काळजीपणाचा कायदा शिकवताना आजही जो निकाल सर्वांत आधी काढला जातो, तो या मुलाच्या आईवडिलांनी लावलेल्या दाव्यातून आला. खटला पुण्याच्या न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. 2 मे 1968 ला न्यायमूर्ती जे. एम. शेलत यांनी निकाल वाचला, तेव्हा पालशेतच्या अपघाताला पंधरा वर्षे पुरी व्हायला चार दिवस कमी होते. खालच्या न्यायालयाने दिलेली भरपाई कायम राहिली. रक्कम होती 3,000 रुपये.

मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत लांब आणि सर्वांत मजबूत हाड. ते मोडले की मांडीचे दणकट स्नायू आखडतात आणि तुटलेली टोके एकमेकांवर ओढली जातात. आतल्या आत लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त साचू शकते. बाहेरून दिसते ती फक्त सूज. पहिल्या महायुद्धात अशा जखमींपैकी सुमारे 80 टक्के सैनिक मरत. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी आदल्या शतकातच तयार केलेला स्प्लिंट आघाडीवर सरसकट वापरला जाऊ लागला, तसे हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास उतरले. मोडलेली मांडी ओढायची की आधी स्थिर करायची, किती ओढायची आणि भूल देऊन की न देता, हे प्रश्न म्हणूनच जिवावरचे असतात. स्नायू सैल करायचे तर भूल हवी. भूल न देता हाताने ओढायचे म्हणजे त्या ताठरलेल्या स्नायूंशी माणसांनी रस्सीखेच करायची.

आईवडिलांचा आरोप नेमका तोच होता: भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, तीन माणसांच्या मदतीने पाय जोर लावून ओढला आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला. डॉ. जोशींचे म्हणणे याच्या उलट होते. लांबच्या प्रवासाने थकलेल्या मुलाचे हाड लगेच बसवायचे नाही असे आपण ठरवले होते. पाय हलू नये एवढ्यापुरता हलका ताण देऊन प्लास्टर घातले. मृत्यू फॅट एम्बोलिझमने झाला. हा बचाव वैद्यकीयदृष्ट्या अगदीच हवेतला नव्हता. मोडलेल्या हाडाच्या मगजातली चरबी थेंबाथेंबाने रक्तात उतरून फुप्फुसात अडकू शकते आणि हे बहुतेकदा हाड मोडल्यापासून एक ते तीन दिवसांत घडते. पालशेतची संध्याकाळ ते पुण्यातली रात्र हा हिशेब तीन दिवसांचाच होतो.

तरीही न्यायालयांनी तो मानला नाही. साक्षीपुरावा पाहता प्रत्यक्षात हाड बसवण्याचाच प्रयत्न झाला, मॉर्फियाच्या एका इंजेक्शनवर वाजवीपेक्षा जास्त जोर लावला गेला आणि मृत्यू त्या धक्क्याने झाला, असा निष्कर्ष निघाला. सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्या निमित्ताने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी घ्यायची, कोणता उपचार करायचा हे ठरवताना घ्यायची आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना घ्यायची. अपेक्षा वाजवी कौशल्याची आणि वाजवी काळजीची. जगातल्या सर्वोत्तम डॉक्टरची नाही, पण अगदी खालच्या पायरीचीही नाही. उपचार निवडायचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे आणि आणीबाणीच्या वेळी ते आणखी मोकळे असते.

विलायतेत याच सुमारास, 1957 साली, बोलम खटल्यातून वेगळी कसोटी आली होती. स्नायू सैल करण्याचे औषध न देता विजेचे झटके दिल्याने एका मनोरुग्णाच्या खुब्याची हाडे मोडली होती. तिथे रुग्ण हरला. त्या क्षेत्रातल्या जाणत्या डॉक्टरांच्या एका गटाला जी पद्धत मान्य आहे ती वापरली असेल, तर दुसऱ्या गटाला ती पटत नाही एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही, असे तिथे ठरले. पुढे 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी उचलली. म्हणजे आपल्याकडच्या निष्काळजीपणाच्या कायद्याचे दोन्ही खांब मोडलेल्या हाडांवरच उभे आहेत.

गोडबोले जिंकले ते त्यांचा दावा खरा ठरला म्हणून, हे तर आहेच. पण तो खरा आहे हे दाखवता आले, यामागे आणखी एक गोष्ट आहे. वडील डॉक्टर होते. पिन घालून ताण देणे म्हणजे काय, मॉर्फिया कुठे संपतो आणि भूल कुठे सुरू होते, फॅट एम्बोलिझम कधी होतो आणि कसा दिसतो, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. विरुद्ध बाजूचा वकील ग्रंथांतले उतारे काढून बसला, तर उत्तर कोणत्या ग्रंथात सापडेल हे त्यांना ठाऊक होते. या खटल्यात डॉक्टरसमोर डॉक्टर उभा होता. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या क्षेत्रात जे जे बदलले, ते या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले: ज्याचा बाप डॉक्टर नाही, त्याने काय करायचे?

हा प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यातून विचारून पाहावा. तुमसर तालुक्यातले, चांदपूर जलाशयाजवळचे, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे हे धानाच्या पट्ट्यातले गाव. पावसाळ्यात चिखलणी-रोवणीच्या दिवसांत ओल्या बांधावरून पाय घसरणे, चिखलात ट्रॅक्टर उलटणे, रस्त्यावर दुचाकी घसरणे, ही इथे पाय मोडायची नेहमीची कारणे. पाय मोडला की आधी कोणी तरी हाडवैद्याचे नाव सुचवतो, मग तुमसर, मग भंडारा, आणि ‘रॉड टाकावा लागतो’ असे कळले की नागपूर. पालशेत-पुण्याचाच हा प्रवास, फक्त लहान आणि चांगल्या रस्त्याचा. रोगी हातात फोटोचे पाकीट आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येतो. हाड वाकडे जुळले, पाय आखूड झाला, प्लेटच्या जागी पू झाला, तर त्या दोन कागदांपलीकडे त्याच्यापाशी काही नसते.

1968 च्या निकालाने अशा माणसाच्या हाती तत्त्व दिले, पण वाट दिली नाही. वाट होती दिवाणी दाव्याची: मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी, वकील, तारखा आणि शेवटी दुसऱ्या डॉक्टरची साक्ष. 3,000 रुपयांसाठी तीन न्यायालये चढायची ताकद पूर्व विदर्भातल्या दोन-चार एकरवाल्याकडे असणे शक्यच नव्हते. या निकालानंतर बरीच वर्षे असे खटले तुरळक राहिले, ते काही डॉक्टरांच्या चुका थांबल्या म्हणून नव्हे.

खरा फरक पडला 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले आणि वकिलाशिवायही तक्रार देता येऊ लागली. पण डॉक्टरची सेवा ही या कायद्यातली ‘सेवा’ आहे का, यावर जवळपास दशकभर भांडण चालले. भारतीय वैद्यक संघटना विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात 13 नोव्हेंबर 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा कायद्यात येते. काहींकडून पैसे घेणाऱ्या आणि काहींना फुकट उपचार करणाऱ्या रुग्णालयांतले फुकटचे रुग्णही येतात. बिल विमा कंपनीने किंवा मालकाने भरले तरी ती सेवा फुकट ठरत नाही. सर्वांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालये मात्र कायद्याबाहेर राहिली.

कागदाचा प्रश्न त्यानंतर सुटत गेला. 1996 साली रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी मागितले तर केसपेपरची नक्कल द्यावी लागेल, ‘गोपनीय’ म्हणून टाळता येणार नाही. 2002 च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनी त्याला मुदत घातली: मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे आणि भरती झालेल्या रुग्णाची नोंद तीन वर्षे जपायची. 2008 च्या समीरा कोहली निकालाने संमतीचा अर्थ स्पष्ट केला. ज्या शस्त्रक्रियेला संमती दिली तेवढीच करायची. जिवाला धोका नसताना ‘आत गेलोच आहोत तर’ म्हणून दुसरी करायची नाही.

हाडांच्या दाव्यांना इतर दाव्यांपेक्षा एक सोय आहे. पोटातले काम उघड्यावर येत नाही, पण हाडाचे काम फोटोत उतरते. रॉड नीट बसला की नाही, स्क्रू सांध्यात शिरला का, दोन्ही पायांची लांबी सारखी आहे का, हे साध्या टेपने आणि फोटोने दिसते. कधी तर फोटोचीही गरज नसते. 2016 साली दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात एका तरुणाच्या मोडलेल्या उजव्या घोट्याऐवजी धडधाकट डाव्या पायावर शस्त्रक्रिया झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2024 मध्ये एक कोटीहून जास्त भरपाई द्यायला लावली. असे होऊ नये म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेआधीची तपासणी यादी जगापुढे ठेवली. त्वचेवर पेनने खूण करायची आणि चिरा घेण्याआधी नाव, जागा आणि शस्त्रक्रिया मोठ्याने म्हणायची, एवढे साधे उपाय त्यात आहेत.

पण बहुतेक दावे इतके उघडे नसतात. रॉडच्या जागी पू झाला तर तो शस्त्रक्रियागृहातल्या हलगर्जीने झाला, की रुग्णाच्या मधुमेहाने, की घरी जाऊन लवकर पाय टेकल्याने? इथे पुन्हा जाणकाराची साक्ष लागते. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचेच पाऊल पुढे-मागे झाले. 2009 मध्ये मार्टिन डिसूझा प्रकरणात, म्हणजे मुंबईच्या नानावटी रुग्णालयाच्या दाव्यात, न्यायालय म्हणाले की डॉक्टरला नोटीस काढण्यापूर्वी तज्ज्ञ डॉक्टरचे किंवा समितीचे मत घ्यावे. पुढच्याच वर्षी व्ही. किशन राव प्रकरणात ते मागे पडले: प्रत्येक दाव्यात तज्ज्ञाची साक्ष बंधनकारक नाही, जिथे गोष्ट स्वतःच बोलते तिथे मंचाने स्वतः पाहावे. डावा-उजवा पाय ही अशी बोलणारी गोष्ट. पू होणे ही नव्हे.

डॉक्टरांची बाजूही याच काळात भक्कम होत गेली आणि ते गैर नव्हते. जेकब मॅथ्यू निकालाने सांगितले की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ असावा लागतो. पोलिसांनी आधी निष्पक्ष डॉक्टरचे मत घ्यावे आणि ऊठसूट अटक करू नये. महाराष्ट्राने 2010 साली डॉक्टरांवरचे हल्ले आणि रुग्णालयांची तोडफोड रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. 2021 मध्ये बॉम्बे हॉस्पिटलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचा सुमारे 14 लाखांचा आदेश रद्द केला. 1998 साली महाधमनीवर शस्त्रक्रिया झालेल्या त्या रुग्णाच्या पायांचा रक्तपुरवठा बंद पडून गँगरीन झाले होते आणि पुढे तो दगावला. रुग्ण बरा झाला नाही म्हणजे डॉक्टर चुकला असे होत नाही, आणि शल्यविशारदाने चोवीस तास खाटेशेजारी बसावे अशी अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. मोडलेला पाय सगळे योग्य करूनही आखूड राहू शकतो. ते ज्याला सांगितले जात नाही, तो पुढे दावा करतो. बरेच दावे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जन्मत नाहीत. ते नातेवाइकांना काही न सांगता निघून जाणाऱ्या डॉक्टरच्या पाठमोऱ्या आकृतीतून जन्मतात.

आणि सर्वांत मोठी भरपाई? 24 ऑक्टोबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या आमरी रुग्णालयाच्या खटल्यात सुमारे 6 कोटी 8 लाख रुपये द्यायला सांगितले. दावा लढवणारे होते मृत अनुराधा साहा यांचे पती डॉ. कुणाल साहा, अमेरिकेत काम करणारे डॉक्टर. 1968 आणि 2013 या दोन निकालांमध्ये 45 वर्षे गेली, भरपाईचा आकडा कित्येक पट वाढला, पण फिर्यादी पुन्हा डॉक्टरच निघाला.

म्हणून सिहोऱ्याच्या माणसासाठी खऱ्या अर्थाने कामाचा बदल कोणता, असे विचारले तर बोट 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याकडे जाते. तो 20 जुलै 2020 पासून लागू आहे. जुन्या कायद्यात तक्रार सेवा देणाऱ्याच्या किंवा घटना घडली त्या ठिकाणी द्यावी लागे. शस्त्रक्रिया नागपुरात तर तारखाही नागपुरात. आता तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात), म्हणजे भंडाऱ्यात, तक्रार देता येते. 5 लाखांपर्यंतच्या बिलावर फी नाही आणि पायाच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेचे बिल साधारण याच्या आत बसते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. पाय आपोआप सुधारेल म्हणून वाट पाहत ती दोन वर्षे बऱ्याचदा निघून जातात. केसपेपर मागायचे ते डिस्चार्जच्या वेळीच, लेखी अर्ज देऊन आणि पोच घेऊन.

एवढे होऊनही मूळ प्रश्न सर्वांत गरिबासाठी सुटलेला नाही. जो बिल भरतो त्याला भंडाऱ्याचा आयोग आहे. जो सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्यात जातो, तो 1995 च्या निकालाने कायद्याबाहेर राहिला. त्याच्यासाठी तीच जुनी दिवाणी वाट उरते. ती किती लांब आहे हे औरंगाबादच्या अच्युतराव खोडवा प्रकरणातून दिसते. जुलै 1963 मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात एका बाईच्या पोटात शस्त्रक्रियेचा टॉवेल राहिला आणि ती दगावली. सरकार जबाबदार आहे, 36,000 रुपये द्यावेत, हे सर्वोच्च न्यायालयाकडून यायला 1996 चा फेब्रुवारी उजाडला. गोडबोल्यांना पंधरा वर्षे लागली होती, इथे बत्तीस लागली. मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयांना जिल्हा आयोगाच्या कक्षेत आणणे, किंवा त्यांच्या रुग्णांसाठी जिल्ह्यातच स्वतंत्र डॉक्टरांची समिती आणि ठरावीक भरपाई ठेवणे, हे संसदेला किंवा विधिमंडळाला करता येण्यासारखे काम आहे. ते होईपर्यंत, ज्याच्यापाशी सर्वांत कमी पैसे आहेत त्याच्याच वाट्याला सर्वांत महागडे न्यायालय येत राहील.